सहा खुंट्यांचे तुकडे

मोहाडी,
१२ जुलै २०२५

चि. रेणू,

इकडे सगळे खुशाल. धानाची रोवणी अर्ध्यावर आली आहे. तुझी मामी दिवसभर शेतावर, बांधीत असते, त्यामुळे शाळेचा डबा मी स्वतः भरतो आणि रोज मीठ विसरतो. घरच्या कोणाचाच फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुमसरला आत्याच्या पत्त्यावर हे पत्र.

सोमवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्याला कारण तू.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुमच्या शहापूरच्या अंगणात तू गोल रेघ आखून तिच्यावर खुंट्या ठोकल्या होत्यास आणि प्रत्येकीपासून प्रत्येकीला दोरा बांधला होतास. एका खुंटीला गोलाचा एक तुकडा, दोनला दोन, मग चार, आठ, सोळा. मी म्हटलं, मागच्याची दुप्पट, सहाला बत्तीस. तू म्हणालीस, "मामा, मोजून तं पाहा, एकतीसच होऊन राहिले." मी मोजलं नाही. "एक सुटला तुह्या हातून," म्हणालो आणि चहा प्यायला आत गेलो.

सोमवारी नववीच्या वर्गात तेच घेतलं. फळ्यावर कंपासनं सुबक गोल, सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर. गुड्डी नावाची मुलगी मोजून म्हणाली, "सर, तीसच हायेत." बत्तीस नाही, एकतीसही नाही! मी पाच वेळा मोजले. तीस. वर्ग हसत होता. घरी येऊन हातानंच वेडेवाकडे बिंदू काढले, तर एकतीस. आता काय म्हणावं?

दोन दिवसांनी दिसलं. माझ्या नीटनेटक्या गोलात तीन रेषा मधोमध एकाच ठिकाणी भेटत होत्या. एक बिंदू जरा सरकवला की तिथं तांदळाच्या कणीएवढा त्रिकोण उघडतो. तोच तुझा एकतिसावा. सात बिंदूंना सत्तावन्न आले. फरक काढले, फरकांचे फरक काढले, तिसऱ्या खेपेला एक, दोन, तीन, चार असं सरळ दिसलं. असं का होतं, ते मला अजून कळलेलं नाही. खरंच नाही.

हे लांबण लावतोय, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

नागपूरला गणित शिकायला भाऊजींनी, म्हणजे तुझ्या बाबांनी, नाही म्हटलं, असं तू धरून चाललीस. वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नाहीस. ते तर तयार होते. मीच त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "पोरीले साधे तुकडे मोजता येत नाही, कायले पाठवता?" त्यांनी मास्तरावर विश्वास ठेवला आणि तुझ्यापुढे माझं नाव घेतलं नाही.

खरं कारण तुकडेही नव्हते. मी नागपूरला गणितातच दोनदा नापास होऊन परत आलो, हे तुला कोणी सांगितलं नसेल. माझं झालं तेच तुझं होणार, असा नियम मी बसवून टाकला. एका माणसावरून!

काल भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, तिले तुम्हीच सांगा. माह्यावर आता तिचा भरोसा नाही."

प्रवेश महिनाअखेरपर्यंत आहेत. जायचं की नाही ते तू ठरव. मला कळवलं नाहीस तरी चालेल, पण बाबांना आजच फोन कर.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. आजवर रीत म्हणून पडलो. आज माफी मागायला पडतो.

तुझा मामा,
चंद्रकुमार