मेंढीला कोणाची आठवण येत नाही

प्रिय सोमारी,

प्रिय लिहिलं ते रीत म्हणून. चौथीपर्यंत गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच घोटून घेतली. सवतीला काय लिहावं ते काही त्यांनी शिकवलं नव्हतं. तुला अक्षर येत नाही, तेव्हा हे पत्र तुझा भाऊ इसरूच वाचून दाखवेल. इसरूभाऊ, मध्येच लाजून काही गाळू नका. मी लिहिलंय तसं वाचा आणि शेवटपर्यंत वाचा.

तुमचं कार्ड आज सकाळी मिळालं. सोमारीचं डोकं सारखं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, अन्न जात नाही, आणि तिची आई म्हणते नवऱ्याच्या आठवणीनं पोरगी झुरते आहे. हे सगळं त्या नवऱ्याला मलाच वाचून दाखवावं लागलं. आठवणीचं वाक्य आलं तसा त्याचा चेहरा असा फुलला, की कार्ड चुलीत घालावंसं वाटलं. म्हणाला, "मले वाटूनच राह्यलं होतं." माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी दोनदा महिना महिना माहेरी राहून आले, पण माझ्यासाठी त्याला कधी काही वाटून राहिलं नाही. उलट आल्या आल्या विचारलं, ताकाचं मडकं कुठं ठेवलं होतंस म्हणून.

तू यायच्या आधी मी त्याला 'माझा माणूस' म्हणत होते. आता 'आपला माणूस' म्हणावं लागतं. एवढासा शब्द, पण दरवेळी जीभ अडखळते. माझी कूस उजवली नाही म्हणून त्यानं तुला आणलं, मीच हो म्हटलं, हे सगळं खरं. हो म्हटलं म्हणजे जळायचंही सोडलं असं थोडंच आहे? तुला डोहाळे लागले तेव्हा तो चिंचेसाठी उन्हातान्हात पलीकडच्या गावी गेला. तुझ्यासाठी बाज विणली. मी अजून चटईवरच निजते. हे सगळं मी पाहिलं आणि एकही गोष्ट विसरले नाही.

आता तुझ्या मेंढीचं ऐक. तुझ्या बापानं लग्नात दिलेली, काळ्या तोंडाची. तू माहेरी गेलीस आणि काही दिवसांनी ती कळपातून बाजूला उभी राहायला लागली. पोट टम्म, पण चारा तोंडात घेईना. नुसती भिंतीला डोकं लावून उभी. आपला माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "सोमारीची याद करून राह्यली बिचारी." अशा सुरात म्हणाला, की मला कळलं याद कोण करतंय ते. माझा जो संताप झाला! म्हटलं, मेंढीला कसली याद? बघतेच हिला काय झालंय ते.

खरं सांगते, मायेनं नाही, रागानं गेले मी. त्याला खोटं पाडायचं होतं. तोंडाजवळ नाक नेलं तर सडक्या मोहफुलांसारखा गोडसर वास. दात खात होती. डोळ्यापुढे हात हलवला तरी पापणी मिटेना, तिला नीट दिसतच नव्हतं. आमच्या बापाच्या कळपात अशा मेंढ्या मी पाहिल्यात. पोटात दोन असली की शेवटी शेवटी पिल्लंच आईला आतून खाऊन टाकतात. चाऱ्याला पोटात जागा उरत नाही आणि मेंढी अशी सुन्न होते. तिला गुळाचं पाणी पाजत राहिले, थोडं थोडं, ठसका लागू न देता. कोवळा पाला हातानं भरवला. आपला माणूस खुश. त्याला वाटलं, बाईला सोमारीच्या मेंढीची माया आली.

मग ती व्यायला बसली. पाण्याची पिशवी फुटून बराच वेळ झाला, कळा देऊन देऊन ती थकली, तरी काही पुढे सरकेना. दोन पाय दिसत होते, डोकं मात्र नव्हतं. तो ओढायला धावला. मी त्याला मागे लोटलं, नखं काढली, साबणानं हात धुतला, तेल लावलं आणि आत घातला. एक पाय धरून खांद्यापर्यंत चाचपत गेले, मग दुसरा. पाय दोन होते खरे, पण दोघांचे एकेक! तसंच ओढलं असतं तर तिघंही गेली असती. एकाला हळूच मागे सारलं, दुसऱ्याचा दुमडलेला पाय आणि डोकं सरळ केलं, आणि मेंढी जोर करील तेव्हाच तेवढंच, तिच्या मागच्या पायांकडे खाली ओढत गेले. दोन्ही कोकरं जिवंत आहेत. मेंढी उठली, तिनं त्यांना चाटलं, पाला खाल्ला. तू तर अजून आली नाहीस. मग कुठं गेली तिची याद? मी त्याला असं विचारलं, तर हसला आणि पहिल्या कोकराला तुझं नाव ठेवलं. आता मी दिवसभर 'सोमारी, सोमारी' करत त्याला पाजते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगते. तू इथं होतीस तेव्हा मी तुझ्याकडे रोज पाहत होते. तू माझ्यापेक्षा किती उजळ, किती भरलेली, हे तपासायला. जीव लावणारा माणूस एकदा पाहतो आणि सुखावतो. जळणारी पुन्हा पुन्हा पाहते. तो म्हणायचा, "सोमारी कशी अंगानं भरली!" मला मात्र दिसलं, की सकाळी उठल्यावर तुझे डोळे सुजलेले असतात, जोडवी बोटात रुतलीत, हातातली बांगडी साबण लावूनही निघत नाही. माझी धाकटी बहीण अशीच भरली होती. तिचंही डोकं दुखायचं, अंधारी यायची. घरच्यांनी नजर उतरवली. बाळंतपणाच्या आधीच तिला आकडी आली आणि पोटातल्यासकट गेली. तुला न्यायला तुझी आई आली, तेव्हा मी तिला हे सांगितलं होतं. ती म्हणाली, सवतीच्या तोंडात दुसरं काय येणार! आज कार्ड वाचून त्याला सांगितलं, तर तोही म्हणाला, "तू जळून राह्यली म्हणून असं अभद्र बोलते."

जळते, सोमारी. म्हणूनच माझं ऐक. ही आठवण नाही. इसरूभाऊ, हे वाचून झालं की उठा. आईची समजूत नंतर घाला. पहिलं बाळंतपण माहेरच्याच भुईवर, ही रीत राहू द्या बाजूला. तिला गाडीत निजवा आणि आजच गडचिरोलीला न्या. आता जिल्हा झालाय, मोठा सरकारी दवाखाना आहे. डोकं, अंधारी, सूज, तिन्ही गोष्टी डॉक्टरला सांगा. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र आपल्या माणसाच्याच हाती पाठवते. आत्ता तो न्हाव्याकडे बसलाय, मग धुतलेला सदरा घालून दुपारच्या मोटारीनं निघेल. मीच त्याला म्हटलं, जा, तुझी वाट पाहते ती. त्याला सोबत घेऊन जा आणि तुझ्या उशाशी बसव, मेंढ्या मी पाहीन. बसू दे त्याला तुझा हात धरून. माझं काय व्हायचं ते होईल. पण तू मरू नकोस. जिवंत सवतीशी मी भांडेन, तुझी बाज उन्हात टाकेन, तुझ्या लेकराला आधी मी उचलेन. मेलेल्या सवतीपुढे माझं काय चालणार? तू गेलीस तर तो जन्मभर तुझाच होऊन बसेल.

तुझीच, आणि तुझ्यावरच जळणारी,
शकू