पानाच्या कडेचं जावळ

१५ सप्टेंबर १९८३, गुरुवार
श्री. बहारीनला सुखरूप पोचले. विमानातून उतरताच तोंडावर भट्टीची झळ आली, पण ह्यांना दारात उभे पाहिलं आणि सगळा शीण उतरला. माहूजमध्ये दोन खोल्या आहेत. नळाचं पाणी खारट, पण भरपूर. देव मांडले. तुळस डालड्याच्या डब्यात लावली, कुंडीचा खर्च कशाला! शेजारी हमीदा, रत्नागिरीची. खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली. ह्यांची हाक अजून तीच, ‘अगं, ऐकलंस?’ लग्न झाल्यापासून माझं नाव घेतील तर शपथ. हमीदा हसून म्हणाली, दत्तारामभाईंना बायकोचं नाव ठाऊक तरी आहे का, की निकाहात विचारायचं राहिलं?

२३ सप्टेंबर, शुक्रवार
पितृपक्ष लागला. मामंजींची तिथी पंचमी, आणि दर्भ मात्र गावीच राहिला. ह्यांचं वर्कशॉप सलमाबादला. त्याच्या मागे जुन्या थडग्यांचे मातीचे उंचवटे आहेत. एकाच्या कुशीत पाणी झिरपतं, तिथे गवत माजलंय. एक जात गोल, सुईसारखी. तिच्या इथे चटया विणतात. तिच्यातच मिसळलेली दुसरी चपटी, हुबेहूब दर्भ. फरक एवढाच, की पानाच्या कडेला पांढरे मऊ केस, तान्ह्या मुलाच्या जावळासारखे. तीच उपटून आणली. कापूसबिपूस अडकला असेल म्हणून केस ओल्या फडक्याने पुसून काढले. फुकटात काम झालं.

२७ सप्टेंबर, मंगळवार
श्राद्ध झालं. भटजी मिळाले नाहीत, मी पोथी वाचली, ह्यांनी केलं. त्या गवताचं आसन मांडलं. त्याचंच पवित्रक मी वळून ह्यांच्या अनामिकेत घातलं. मामंजींचं नाव-गोत्र घेऊन बोलावलं, आणि आसन खचलं. कुणीतरी अंग टाकून बसावं तसं. मला भरून आलं. मामंजी समुद्र ओलांडून आले!
पवित्रक तेवढं बोटातून निघेना. हे म्हणाले, उकाड्याने बोट सुजलंय, साबण लावून बघू.

३० सप्टेंबर
साबण झाला, तेल झालं. पवित्रकाला पुन्हा ते केस फुटलेत.
हे कामावर जात नाहीत. दक्षिणेकडे तोंड करून बसतात. मामंजी तांदळाच्या भाकरीवर जीव टाकायचे. मी मुद्दाम भाकरी केली. ह्यांनी पानातलं मीठ तेवढं चाटलं. डॉक्टर पवित्रक कापायला गेला, तर हे ओरडले. तो आवाज ह्यांचा नव्हता.

२ ऑक्टोबर
हमीदा मला एका चटया विणणाऱ्या म्हातारीकडे घेऊन गेली. गवत दाखवलं. ती अरबीत बोलली, हमीदाने मला सांगितलं. नुसतं पाहून ही गवतं ओळखू नयेत, म्हणाली, बाहेरून सगळी सारखी. कापून आत बघायचं. साध्या गवताची काडी आत पोकळ. जावळवालं कापलं की आत पांढरं भेंड, बाशिंगाला लावतात तसलं, गच्च. म्हणाली, ते थडग्यातल्याचं अंथरूण, आम्ही हात लावत नाही. मग तिने विचारलं, त्यावर कुणाला बसवलंत? मी सांगितलं. ती ‘खलास’ म्हणाली आणि दार लावलं.
म्हणजे मामंजी बसलेच नाहीत. जो बसला त्याचं नाव नाही, गोत्र नाही. निरोप कुणाच्या नावाने देऊ?

४ ऑक्टोबर
केस मनगटापर्यंत आले. मी पुसते. परत येतात. देवा, फडकं मी फिरवलं होतं, ह्यांना का—
परवा सर्वपित्री. त्या दिवशी बिननावाच्यांनाही पान वाढतात, निरोप देतात. तेवढाच एक—

६ ऑक्टोबर, अमावास्या. दुपार
पान वाढलं. हात जोडून म्हटलं, जो कोण बसला असशील, जेव आणि जा. माझा माणूस ठेव.
आसन वर आलं. पवित्रक गळून पडलं! हातावर एक केस नाही. ह्यांनी डोळे उघडले, हसले. मी रडले, हमीदा रडली. एक गेला. गेला एकदाचा.

संध्याकाळ
जेवताना हे म्हणाले, मथुरा, मीठ दे.
मथुरा.
हमीदा म्हणते, आजारातून उठलेत, लाडात आले असतील. असेल. पण दोघांतला गेला तो कोण? तेच डोळे, तोच हनुवटीवरचा तीळ. हुबेहूब—
नुसतं पाहून ओळखू नये.

झोपलेत. अडकित्ता हातात आहे. करंगळीचं टोक, जरासंच. रक्त येऊ दे, देवा. थेंबभर. मी जन्मभर मंगळवार—

कापलं. हूं की चूं नाही. रक्त नाही. हे डोळे उघडून बघताहेत. आत पांढरं—