एकादशीची गोळी

तंजावूर
शुक्रवार, २४ जानेवारी १९९७

ती. सौ. सरस्वतीवन्सं,

वरलक्ष्मीचा नमस्कार. तुमचं पत्र पोंगलच्या आदल्या दिवशी मिळालं. इथे सगळे बरे आहेत. कार्तिकेयची बारावीची प्रॅक्टिकल्स जवळ आली आहेत. पापनाशमहून नवा तांदूळ आला. आईंनी स्वतः उभं राहून पोंगल करवून घेतला आणि तूप कमी घातलं म्हणून मला ऐकवलं. तेव्हा ओळखलं, तब्येत ठिकाणावर आली.

उत्तराला अकरा दिवस लागले. शाळेचं काम होतं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

तुम्ही लिहिलंत की तुम्हालाही मधुमेहाची गोळी सुरू झाली, आईंचीच. पुढे लिहिलंत, "मी काही आईसारखी विसरून दोनदा घेणार नाही." वन्सं, आईंनी गोळी दोनदा घेतली नव्हती. ह्यांनी फोनवर तुम्हाला तसं सांगितलं ते मला वाचवायला. एसटीडी बूथमध्ये मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले.

घडलं ते असं. गोळ्या नोव्हेंबरात सुरू झाल्या, सकाळी न्याहारीच्या आधी एक. डिसेंबरअखेर पाकिटात तीन जास्त उरल्या. विचारलं तर आई म्हणाल्या, "एकादशीला घेत नाही. पोटात काही नसतं, गोळी कशाला?" मी शाळेत विज्ञान शिकवते. औषध चुकवायचं नाही, हे मला पाठ. डॉक्टरांना विचारावं, एवढं मात्र सुचलं नाही.

पाच तारखेला, रविवारी, एकादशीच्या सकाळी गोळी आणि पळीभर पाणी घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले.

"आज नको गे."

"औषधाला दोष लागत नाही, आई. शास्त्रातही आहे."

"तुझ्या शास्त्रात की माझ्या?"

"दोन्हीत."

हसल्या आणि घेतली. म्हणाल्या, "शिकलेली सून आणली, आता भोगते." वाद जिंकल्याचं मला बरं वाटलं. माझ्या त्या दिवशीच्या डायरीत ते तसं लिहिलेलंही आहे.

साडेअकराला त्या पूजेवरून उठल्या त्या घामाने भिजलेल्या. हात थरथरत होते. मला म्हणाल्या, "सरू, शाळेला गेली नाहीस?" मग माझ्यावरच ओरडल्या, तू कोण म्हणून. ह्यांना वाटलं, उपवासाचं पित्त. आवाज ऐकून समोरच्या राजममामी आल्या. त्यांच्या यजमानांना हाच आजार. त्यांनी विचारलं, "गोळी घेतली? वर काय खाल्लं?" मी "काही नाही" म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला कळलं. माझे डोळे भरलेले पाहून मामी म्हणाल्या, "आधी साखर आण, मग रड."

तेवढ्या गोंधळातही आई दात आवळून "आज एकादशी, आज एकादशी" म्हणत होत्या. मी बोटाने साखर गालाच्या आत चोळली. त्यांचं चाळीस वर्षांचं व्रत माझ्या बोटाने मोडलं. जरा भानावर आल्यावर दूध पाजलं आणि ऑटोने दवाखाना गाठला. ग्लुकोज लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, कारण ह्या गोळीचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. डॉक्टर माझ्यावर चिडले, "उपवास धरतात हे मला सांगायचं कोणी?" मग आईंकडे वळून, नातवाच्या सुरात, "पाट्टी, उपाशीपोटी ही गोळी नको हे तुम्हाला बरोबर कळलं. मला विचारायचं तेवढं राहिलं."

तुमचं पत्र मी नेहमीसारखं आईंना वाचून दाखवलं. त्यांना तमिळच वाचता येतं, मराठी अक्षर नाही. "आई विसरभोळी झाली, तिच्या हातात औषधं देऊ नका" ही ओळ आली तेव्हा मी थांबले.

"वाच की," त्या म्हणाल्या.

वाचलं. त्यावर एवढंच म्हणाल्या, "लिही तिला, सांगितलंस ते बरं केलंस." गोळी कोणी दिली ते त्यांना पक्कं आठवतं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे आणखी सोसायची माझी तयारी नाही.

आणि दुसरं, ह्याहून मोठं. तुम्हीही एकादशी निर्जळी धरता. दोनदा घेतल्याने असं होतं एवढंच तुम्ही धरून चाललात, तर एकच गोळी घेऊन निर्धास्तपणे उपाशी बसाल. पुढची एकादशी दहा दिवसांवर आहे. त्याआधी डॉक्टरांकडे जा. उपवासाचं सांगा. गुडघ्याच्या गोळ्या, वैद्यांची चूर्णं, जे काही घेता ते पिशवीत घालून न्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि उपाशीपोटी घेऊही नका. घाम, थरथर, एकाएकी राग, बोलण्यात घोटाळा, ह्यातलं काही दिसलं की आधी साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. हे घरातल्यांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी ज्याचं त्याला कळत नाही.

आईंना डॉक्टरांनी एकादशीचा वेगळा कागद लिहून दिला आहे. वेळेवर दूध, केळं, आणि गोळी ते सांगतील तेवढी. १९ तारखेची एकादशी तशीच पार पडली. दूध पिताना आई म्हणाल्या, "आता पंचांगही डॉक्टरच सांगणार वाटतं." तो कागद मी मुद्दाम उतरवून पाठवत नाही. तो त्यांच्यासाठी आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

हे पत्र ह्यांना दाखवलं. म्हणाले, "अक्का तुला कधी क्षमा करणार नाही." नका करू. डॉक्टरांना विचारलंत एवढं एका ओळीत कळवा, मला पुरे आहे.

पण आईंना लिहा, त्या विसरल्या नव्हत्या म्हणून. माझ्यावरचा राग त्याच पत्रात लिहिलात तरी चालेल. एकही शब्द न गाळता मी त्यांना वाचून दाखवीन.

गोळी दिली त्याच हाताने हे लिहिणारी,
तुमची
वरलक्ष्मी