भांडायला माणूस हवा

तीर्थरूप मामांच्या चरणी,

एका हातात गरम इस्त्री असल्यामुळे उरलेल्या हाताने केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. (दोन्ही हात जोडून, नीट वाकून केला असता, पण या घरात वाकायचं तर पाठीच्या तज्ज्ञाला आधी विचारावं लागतं, आणि तो सध्या मालकांची पाठ घेऊन समुद्रावर गेलाय.) मामीलाही नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे तुमची तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि तुम्ही 'अजून आहे' एवढ्यावर त्याची बोळवण करता. या खेपेला तसं करू नका. जेवण किती जातं, झोप कशी लागते, आवाज पूर्वीसारखा चढतो का, सगळं सविस्तर कळवा. गंमत करत नाही मामा, तुमच्या तब्येतीवर सध्या बऱ्याच बड्या माणसांचा डोळा आहे. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र.

मी एका श्रीमंत माणसाचे कपडे सांभाळतो एवढं तुम्हाला ठाऊक आहे. 'श्रीमंत' हा शब्द मात्र इथे तोकडा पडतो. आपल्या गल्लीतला लाकडाच्या वखारीचा मालक श्रीमंत होता, कारण त्याच्याकडे बघून ते कळायचं: बोटांत अंगठ्या, पोट पुढे, आणि कोणी वर्गणी मागायला आलं की त्याच्या छातीत दुखायचं. इथे सगळं उलटं. यांची श्रीमंती इतकी उंच गेलीय की खालून दिसतच नाही. आमचे मालक रोज एकच राखाडी टी-शर्ट घालतात, म्हणजे कपाट भरून अगदी तस्सेच टी-शर्ट आहेत. मी त्यांना इस्त्री करतो आणि मग हलक्या हाताने थोडे चुरगाळतो, कारण इस्त्री केलेली दिसता कामा नये. (इस्त्री मला येत होतीच. चुरगाळणं शिकायला आधीच्या माणसाकडे उमेदवारी करावी लागली.) घरं बऱ्याच देशांत आहेत, पण प्रत्येक घरात तेच पडदे, तोच पलंग, खिडकीच्या त्याच बाजूला. कुठल्याही एका घरात जास्त दिवस राहिलं, तर तिथलं सरकार त्यांना आपलं माणूस समजतं आणि कर मागतं. त्यामुळे अख्खं शहर विकत घेऊ शकणारा हा माणूस घरमालकाने हुसकावलेल्या भाडेकरूसारखा सतत सामान बांधत असतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, यांचं विमानात. आणि एका घराखाली, जग बुडेल त्या दिवसासाठी, जाड पोलादी दाराचं तळघर आहे. त्याची रंगीत तालीम झाली तेव्हा आत इस्त्रीवाला घ्यायचा का, यावर मोठी बैठक बसली. अजून निर्णय नाही.

त्यांना 'साहेब' म्हटलेलं चालत नाही. या मंडळींत हल्ली समानतेची फार ओढ आहे. सगळ्यांनी 'मित्रा' म्हणायचं. आमच्या एका माळ्याने चुकून 'साहेब' म्हटलं, तर मित्राने त्याला कामावरून काढून टाकलं. माझी पंचाईत निराळीच झाली. 'मित्रा' म्हटल्यावर पुढे 'तुम्ही' येत नाही, आणि 'तू' काही माझ्या जिभेवर येईना. मग वर्षभर मी कर्त्याशिवायची वाक्यं बोललो. 'शर्ट तयार आहे', 'पाऊस येईलसं वाटतं', असं.

आता मुख्य गोष्ट. या लोकांत पूर्वी बोटींची स्पर्धा होती म्हणे, कोणाची लांब. मग स्वतःचं बेट असण्याची झाली. आता सगळ्यांकडे सगळं झाल्यावर एकच स्पर्धा उरली आहे, सर्वांत शेवटी कोण मरतं याची. आमचे मालक जेमतेम पन्नाशीचे, पण कोंबड्यांच्या वेळेला झोपतात. मनगटावरचं यंत्र झोप किती लागली ते सांगतं, आणि ते वाचून त्यांची उरलेली झोप उडते. सकाळी बर्फाच्या पाण्यात बसतात. मग मूठभर गोळ्या आणि पाल्याची चार पानं. आपण संध्याकाळच्या चहाला बसतो, तेव्हा त्यांचं रात्रीचं जेवण आटोपलेलं असतं. हाताशी डॉक्टर, आहाराची बाई, झोपेचा माणूस आणि 'मनाला पालवी फोडणारा' असा एक जण. त्या शेवटच्याने सुचवलं की कामगारांशी अधूनमधून साध्या गप्पा माराव्यात, रक्तदाब उतरतो. म्हणून मालक एका सकाळी माझ्या इस्त्रीच्या खोलीत आले आणि स्टुलावर बसले. त्यांनी चारही भिंती न्याहाळल्या, मी दोन टी-शर्ट चुरगाळले. शेवटी त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, मामा-मामी. मामांनी नव्वदी ओलांडलीय, दात सगळे स्वतःचे.

मामा, खजिन्याचा पत्ता सांगावा तसा परिणाम झाला. दुपारी मला लांब टेबलाच्या टोकाला बसवलं आणि सगळे तज्ज्ञ समोर. मामा काय खातात? मी म्हणालो, मामी वाढेल ते, नावं ठेवत. व्यायाम? जिना चढून गच्चीवर जातात. गच्चीवर ध्यान करतात का? नाही, तिथून शेजाऱ्याचं अंगण दिसतं. झोप? दुपारी खुर्चीत लागते, पण ते कबूल करत नाहीत. चहा? विचारू नका. प्रत्येक उत्तराला आहाराची बाई कळवळत होती, कारण तिच्या शास्त्राप्रमाणे तुम्ही केव्हाच जायला हवे होतात. शेवटी डॉक्टरांनी पेन खाली ठेवून विचारलं की मग ते रोज, न चुकता, असं करतात तरी काय? मी खूप विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. म्हणालो, शेजारच्या घड्याळजींशी भांडतात.

मग मी सगळं सांगितलं. घड्याळजींचं घड्याळ तुमच्या घड्याळाआधी टोले देतं, ते कसं मुद्दाम आहे. त्यांच्या मोरीचं पाणी. तुमच्या झाडाची पानं. भिंत कोणाची. तरुणपणापासून चाललेला हा सामना, आणि मामी 'ताटं वाढली' म्हणून हाक मारते तेव्हा दोघं उरलेला विषय उद्यावर टाकून कसे आत जातात. डॉक्टर लिहून घेत होते. आठवड्याभरात आमच्याकडे 'दैनंदिन विरोध-उपचार' सुरू झाला.

पहिल्यांदा एक पदवीधर भांडणारा आणला. तो फार छान भांडायचा, पण प्रत्येक भांडणाच्या शेवटी 'तुमचाही मुद्दा बरोबर आहे' म्हणायचा. सवय. वर्षानुवर्षं त्याने अशाच लोकांच्या नोकऱ्या केल्या होत्या. त्यानंतर मोहरा माझ्याकडे वळला. म्हणे मामाचं रक्त भाच्यात असणारच. माझा हुद्दा वाढला, पण मामा, मला जमेना. न्याहारीनंतर समोरासमोर बसायचं आणि मी म्हणायचं, 'आजचं हवामान चुकीचं आहे.' ज्याच्या जिवावर पोट भरायचं, त्याच्याशी भांडायचं कसं? शिवाय कर्त्याशिवाय भांडता येत नाही. करून बघा.

खरं भांडण झालं ते वेळापत्रकाबाहेर. मालक इस्त्रीच्या खोलीत आले, एक टी-शर्ट उचलून खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "डाव्या बाहीवर चुरगळ जरा जास्त वाटतेय."

"मग बिनइस्त्रीचा घाल ना," मी म्हणालो. कसं बाहेर पडलं कोण जाणे. "आधी इस्त्री करायची, मग ती मोडायची. हे काय काम आहे? माणसाला वेड लागेल."

"मला साधं राहायला आवडतं," ते म्हणाले.

"तुझा साधेपणा सांभाळायला किती माणसं राबतात ते बघ एकदा. तुला खरंच साधं व्हायचंय ना, मग माझा शर्ट घालून एकटा बाजारात जाऊन ये. कोणी ढुंकून बघणार नाही. परत येताना स्वतःचं नाव ओरडत येशील."

ते लालबुंद झाले आणि टी-शर्ट तिथेच टाकून निघून गेले. मी इस्त्रीचा प्लग काढला, कपडे पिशवीत भरले आणि मनात तुमच्या घरी परतायची वाट आखू लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पुन्हा दारात. चेहरा परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

"काल तू बाजाराचं म्हणालास, त्यावर मला उत्तर सुचलंय."

"बोल."

"मी गेलो असतो, पण बाजार कुठे असतो ते मला माहीत नाही."

"हे उत्तर नाही, ही कबुली आहे," मी म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला, "मग उद्या सांगतो" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी त्यांनी जेवण दोनदा मागून घेतलं. आहाराच्या बाईने रजा टाकली. मग ते रोज येऊ लागले, कधी खिडकी उघडी ठेवावी का यावर, कधी इस्त्री करताना कपड्यावर पाणी हाताने शिंपडावं का यावर. त्यांना फारसं येत नाही, मुद्दा सोडून भलतीकडे जातात, पण मेहनत घेतात.

अशी गोष्ट त्या लोकांत लपत नाही. त्यांच्या बोटीवाल्या मित्राने दोन भांडणारे ठेवले, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. दोघे एकमेकांत भांडून सोडून गेले. दुसऱ्याने भांडणासाठी वकील नेमले, त्यांनी ते अजून सुरू केलेलं नाही. तिसऱ्याने तर सोडून गेलेल्या बायकोच्या आईला मानधनावर परत बोलावून घेतलं. (बाई खूश आहेत. आधी हेच काम फुकट करायच्या.)

मग तज्ज्ञांना मूळ भांडण प्रत्यक्ष बघायचं होतं. तुमच्या सोयीचा दिवस विचारायला मी मामीला पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं. घड्याळजी लेकीकडे कायमचे राहायला गेले. सामान निघालं तेव्हा तुम्ही दारात उभे होतात आणि दोघंही एकमेकांशी काही बोलला नाहीत. तेव्हापासून तुम्ही ताटात अर्धं तसंच ठेवता. सकाळी भिंतीपाशी जाता, पलीकडे बघता, आणि येऊन खुर्चीत बसता. घड्याळाला किल्लीही देत नाही. मामीने एकदा मुद्दाम मीठ चुकवून पाहिलं, तर तुम्ही मुकाट्याने जेवलात. त्या दिवशी ती घाबरली.

हे वाचताना माझा हात इस्त्रीवरच राहिला आणि टी-शर्टावर ठळक डाग पडला. मालक आले, त्यांनी डाग पाहिला, पण त्यावर भांडले नाहीत. विचारलं काय झालं. मी सांगितलं. ते स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, "म्हणजे ते घर आता रिकामं आहे?"

"तिकडे माणूस खचलाय आणि तुला घराचं पडलंय," मी म्हणालो. त्या दिवसाचं भांडण तिथेच झालं, आणि ते मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

तर मामा, पोटभर जेवा. घड्याळाला किल्ली द्या. मालक तुम्हाला भेटायला येणार म्हणतात, तेव्हा जरा हुशारीत राहा. जास्त काय लिहू. इस्त्री निवत आली, तुमचा लोभ तेवढा तापता ठेवावा.

तुमचा भाचा

ता. क. 'भेटायला येणार' हे मामीला धक्का बसू नये म्हणून जपून लिहिलं. ते राहायला येताहेत. घड्याळजींचं घर त्यांनी घेतलं. कागदोपत्री हा उपचार आहे, पण डॉक्टर, आहाराची बाई, झोपेचा माणूस, सगळ्यांना मागे ठेवलंय. बरोबर मी एकटा, इस्त्रीच्या टेबलासह. मामीला सांगा, पहिले काही दिवस मी जेवायला तुमच्याकडेच.

ता. क. २. भांडणाने आयुष्य वाढतं का, मला ठाऊक नाही. त्या टेबलावर दुसरं काही आठवलं नाही म्हणून बोललो. पण त्यांचा विश्वास बसलाय, तो असू द्या. मला फक्त मीठ कमी पडल्यावर तुमचा आवाज भिंतीपलीकडून ऐकायचाय.

ता. क. ३. खरी विनंती आता लिहितो. त्यांना भांडण सुरू करता येत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल. फार अवघड नाही. त्यांना कुठेही काही आवडलं की ते गोड आवाजात त्याची किंमत विचारतात, आणि आजवर त्यांना कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. ते भिंतीपाशी येतील, तुमच्या घराची तारीफ करतील आणि केवढ्याला देणार म्हणून विचारतील. तुम्ही 'नाही' म्हणा, जमलं तर ओरडून म्हणा. फक्त त्या वेळी मामीला आत कामात गुंतवून ठेवा. तिने आकडा ऐकला तर ती 'हो' म्हणेल.