अर्जातले चौथे कलम

मु. उंबरवाडी (देऊळघाटपासून दोन कोस)
ता. २८ नोव्हेंबर १९६४

नांदुरा मुक्कामी माझे जुने वर्गबंधू हिंमतराव यांस उत्तमरावाचा मनापासून रामराम. इकडे सर्व ठीक असून कापसाची वेचणी चालू आहे. आपला दमा, आपले गुडघे आणि वहिनींचे डोळे कसे आहेत ते उलट टपाली कळवावे, आणि मजकूर शक्यतो आपल्याच हाताने लिहावा. (गावात चार लोकांना दाखवायला बरा पडेल.) इकडून कोणी टोपी हातात धरून, पडलेल्या चेहऱ्याने आपल्या दारात आले, तर दचकू नये, चहा पाजून परत पाठवावे. गेल्या मंगळवारी आपण आमच्या गावात वारलात. ते कसे, हे सविस्तर लिहितो.

आपले चिरंजीव निवृत्ती आमच्या शाळेत चौथीचे मास्तर आहेत आणि माझी रुख्मिणी त्यांच्याच वर्गात आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. सहाव्या वर्षी मुदतीच्या तापात पोरीचे दोन्ही कान गेले. बोलते चांगली, वाचते झकास, आणि समोरच्याचे ओठ पाहून त्याचे म्हणणे ओळखते. पण वर्गात तिची जागा शेवटच्या ओळीत, आणि मास्तरांना फळ्याशी बोलायची सवय. ऑगस्टमध्ये हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले की पोरगी विचारलेल्याचे उत्तर देत नाही, असेच चालले तर वार्षिक परीक्षेला बसवता येणार नाही, त्यापेक्षा नाव काढा, घरी कामाला तरी येईल. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पोरगी ढ असती तर मी मुकाट्याने नाव काढले असते. पण ती ढ नाही.

मी अर्ज दिला. त्यावर शेरा पडला, ‘सदर मुलीकडे विशेष लक्ष द्यावे.’ विशेष लक्ष म्हणजे काय, हे कोणी लिहिले नव्हते. निवृत्तीने त्याचा अर्थ असा लावला की तिच्या कानाशी जाऊन ओरडायचे. मुलगा स्वभावाने गरीब, त्यामुळे मनापासून ओरडे. पहिलीची पोरे रडू लागली, शाळेमागच्या हौदावरची गुरे उधळली, रुख्मिणीला मात्र कानाला नुसता वारा लागे. तेव्हा मी दुसरा अर्ज केला आणि त्यात कलमेच घातली. पोरीला पहिल्या ओळीत बसवावे. मास्तरांनी उजेडात उभे राहून, वर्गाकडे तोंड करून बोलावे. आणि तोंडी घातलेले गणित तिला पाटीवर लिहून द्यावे. हेडमास्तर म्हणाले, असा नियम कुठे आहे? मी म्हटले, मनाई तरी कुठे आहे? अडीच महिने हेलपाटे घातले. (बुलढाण्याला तीन खेपा. साहेब दर वेळी नवे, उत्तर मात्र तेच.) शेवटी तिन्ही कलमे मंजूर झाली. दिवाळीनंतर पोर पहिल्या ओळीत बसली, मी गावभर पेढे वाटले, आणि आठवड्याने कळले की तिला अजूनही काही समजत नाही. “मास्तरायचं तोंडच दिसत नाही, नुसती मिशी हालते,” असे तिने आईला सांगितले, आणि आईने मला.

निवृत्तीची मिशी आपण पाहिलेली आहे. तिच्याखाली ओठ आहेत, हे आपण केवळ विश्वासावर मानायचे. मी चौथे कलम तोंडीच मांडले. मुलाचा चेहरा उतरला. “काका, बाप जिता असताना मिशी कशी काढू? लोक काय म्हनतीन?” त्यावर मी त्याला तासभर उपदेश केला. मिशी म्हणजे काय, तर चार केस! एका लेकराच्या शिक्षणापुढे त्यांची काय मातब्बरी? (त्या दिवशी मी फार चांगला बोललो, असे ऐकणाऱ्यांचे मत पडले.) शेवटी पोरगा विरघळला. काढत नाही, म्हणाला, ओठावरून जराशी कातरतो. कडूबा न्हाव्याने डावीकडून जराशी कातरली, मग उजवी तिच्याइतकी करायला गेला तर ती जास्त गेली, म्हणून पुन्हा डावीवर आला. दोन्ही बाजूंना असा न्याय देता देता मंगळवारी सकाळी ओठावर काहीच उरले नाही.

त्या दिवशी पहिला तास इतिहासाचा होता. रुख्मिणीने चार वेळा हात वर केला. हिंमतराव, कान गेल्यापासून पहिल्यांदा! आणि दुसऱ्या तासाला शाळेशेजारच्या केसरबाई हंबरडा फोडत शाळेत शिरल्या. मास्तरांची मिशी उतरली, म्हणजे नांदुऱ्याचे हिंमतराव गेले, हे गावाने ठरवून टाकले होते. (डोके का भादरले नाही, या शंकेवर कडूबाच्या बायकोचा खुलासा असा, की शिकलेल्या माणसाला तेवढी सूट असते.) निवृत्ती कळवळून सांगत होता की बाबा खुशाल आहेत, लोक म्हणत, धक्का बसला बिचाऱ्याला. हेडमास्तरांनी पोरांना दोन मिनिटे उभे केले, आपल्या गुणांवर भाषण केले (आपण दानशूर होता, हे मला नव्यानेच कळले) आणि शाळा सोडून दिली.

तेव्हापासून निवृत्ती भेदरला आहे. अपशकुनाने वडिलांच्या जिवावर काही बेतेल, या भीतीने त्याने मिशी पुन्हा राखायला घेतली आहे. महिन्याभरात ओठ झाकले जातील, आणि पोर परत गप्प होईल. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. असो. या वयात आपणांस तसदी द्यावी, असे माझ्या मनातही नाही. कळवले एवढेच. वहिनींना नमस्कार.

आपला,
उत्तमराव

ता. क. सोमवार, ७ डिसेंबर रोजी सकाळच्या मोटारीने निघावे. शाळेच्या ओट्यावर तासभर बसावे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलावे, जमल्यास थोडे खोकावे, आणि गावासमक्ष निवृत्तीला सांगावे, की बाबा रे, मी जिता आहे आणि माझा हुकूम आहे, मिशी काढ. त्याशिवाय हे कलम पास होत नाही.

दुसरी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र मी आमच्या सौ. पुष्पाबाईंना मोठ्या हौसेने वाचून दाखवले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अन् तुमच्या मिशीचं काय? चार वर्सं झाले, तुमचं बोलनं तिले मीच सांगून राह्यले.” पोरगी माझ्या धाकाने माझ्यापुढे बोलत नाही, असे मी समजत होतो, आणि खरे सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही होता. माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली; मला तर सबबही नाही. तसाच उठलो, कडूबाला बोलावले आणि सगळी उतरवली. मग रुख्मिणीला समोर बसवून, रोज शेतातून आल्यावर विचारतो तेच विचारले, “जेवली का, माय?” तिने माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिले. “हाव,” म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, “बाबा, तुमी रोज हेच इचारत होते? मले वाटे, तुमी माह्यावर रागावून राह्यले.”

पुढे लिहवत नाही. सोमवारची मोटार चुकवू नका.