रसायनशास्त्राचे दोन आजोबा

नेर,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पिता हिस आबाजींचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. त्यात शुद्धलेखनाच्या दोनच चुका आढळल्या. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे. रसायनशास्त्रात तू अनुत्तीर्ण झालीस, ही गोष्ट मात्र शाईने दुरुस्त होण्यासारखी नाही. तुझ्या बाबांनी काल जेवताना स्पष्टच सांगितले, की उन्हाळ्यातल्या फेरपरीक्षेतही हा विषय राहिला, तर विज्ञान पुरे झाले. यवतमाळच्या वसतिगृहातून तुला परत आणायचे आणि नेरलाच कला शाखेत नाव घालायचे. मराठी शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाने या वयात अणुरेणूंचे पुस्तक वाचून तुझ्यासाठी प्रत्येक प्रकरणाचा सारांश लिहून काढला होता. तेव्हा त्या निकालातला काही भाग माझाही आहे, असे मी समजतो.

आता ऐक. पहाटे उठावे. सारांश प्रथम सावकाश वाचावा, मग पुन्हा वाचावा, आणि महत्त्वाच्या वाक्यांखाली पट्टीने रेघ ओढावी. मी सारांश नव्याने लिहून पाठवीत आहे. या खेपेस शीर्षके जांभळ्या शाईने लिहिली आहेत.

आणखी एक. तुझ्या आजीने सहज बोलता बोलता सांगितले, की तू रोज संध्याकाळी फुलसावंगीला तुझ्या आईच्या वडिलांना फोन करतेस आणि त्यांच्याशी रसायनशास्त्र बोलतेस. मी म्हटले, की बापूजी नरवाडे आणि रसायनशास्त्र यांचा संबंध फवारणीच्या पंपापुरता आहे. त्यावर आमच्या इंदूबाई हसून म्हणाल्या, की तुम्ही काहून जळून राह्यले. मी जळत नाही. फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, म्हणून आपण पत्र लिहावे असे ठरविले होते. मला आठवड्याचे एक पत्र, आणि त्यांना रोजची संध्याकाळ! एवढीच नोंद करून ठेवतो.

तुझा लोभ आहेच. त्याची वाटणी करताना वडीलकीचा विचार व्हावा.

आबाजी

•

यवतमाळ,
दि. २३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबाजींच्या चरणी अर्पिताचा साष्टांग नमस्कार. आजीलाही सांगावा.

सारांश मिळाला. माझी खोलीतली मैत्रीण वैष्णवी म्हणाली, की हे अक्षर भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहे. आबाजी, रागावणार नसाल तर एक खरे सांगते. तुमचा सारांश इतका सुंदर आहे, की वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. तुमचे वाक्य वाचले की मान डोलते, रेघ ओढली की समाधान होते. परीक्षेत तोच प्रश्न थोडा फिरवून आला आणि माझी पाटी कोरी. वाक्य आठवत होते, त्यातली गोष्ट आठवत नव्हती.

बापूजींचे झाले असे. निकालानंतर मी रडत फोन केला, तर त्यांनी विचारले, की बाई, कोणता धडा होता तो, मले सांग बरं. मी मिठाची गोष्ट सांगितली: सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देतो आणि दोघे बांधले जातात. बापूजी म्हणाले, की त्यानं फुकट काहून देला? मला सांगता आले नाही. जांभळ्या शाईत लिहिलेले असूनही आले नाही! मग पुस्तक उघडून नेमके तेवढेच पान वाचले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यावर ते म्हणाले, की मग इतके घट्ट बांधलेले दोघं पाण्यात पडल्यावर सोडचिठ्ठी काहून घेतात?

तेव्हापासून माझा अभ्यास असाच चालतो. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि संध्याकाळी बापूजींना सांगायचा. जिथे अडखळले, तिथे दुसऱ्या दिवशी परत जायचे. आठवडाभराने ते पुन्हा विचारतात, की त्या मिठाचं काय झालं होतं वं? ते खरोखर विसरलेले असतात, आणि तेवढ्यात मीही थोडी विसरलेली असते. पण दुसऱ्यांदा सांगितलेले पक्के बसते.

तुम्ही जळत नाही, हे वाचून बरे वाटले. आजीने मात्र तुमच्या पत्राआधीच फोन केला होता.

माझ्यावर पूर्वीइतकेच प्रेम असू द्या, तांबडी शाई थोडी कमी चालेल.

तुमची,
अर्पिता

•

नेर,
दि. ३ मार्च २०२५

राजमान्य राजश्री बापूजी नरवाडे यांस, बबनराव गावंडे यांचा नमस्कार विनंती विशेष.

आपले व सौ. विहीणबाईंचे क्षेमकुशल कळवावे. तूर घरात आली असेल, अशी आशा आहे.

पत्रास कारण की, चि. अर्पिता ही रोज सायंकाळी आपणांशी दूरध्वनीवरून अभ्यासविषयक चर्चा करते, असे समजले. नातीविषयीचा आपला जिव्हाळा मी जाणतो. परंतु अध्ययन हे शास्त्र आहे. ज्या विषयाची आपणांस तोंडओळखही नाही, त्यात शंका काढीत बसल्याने विद्यार्थ्याच्या मनात गोंधळ निर्माण होतो, असा माझा अध्यापनातला अनुभव आहे. फेरपरीक्षा जवळ आली आहे. अशा वेळी मुलीला एकच मार्गदर्शक असावा, आणि तो या घरातला असावा, असे मला वाटते. परीक्षा होईपर्यंत हे फोन थांबल्यास बरे होईल. आपण सुज्ञ आहात. अधिक लिहिणे प्रशस्त दिसणार नाही.

सोयरिकीतला स्नेह आजवर होता तसाच राहावा, ही अपेक्षा.

आपला,
बबनराव गावंडे

•

फुलसावंगी,
ता. १० मार्च

इवाईसाहेब बबनराव यांस बापूजीचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. लिहिण्यात चुका होतीन, त्या पोटात घाला. लाल करून परत नका धाडू.

मी पोरीचा बाप आहो. माझी लेक तुमच्या घरी देली, त्या दिवसापासून तुमचा शब्द खाली पडू देला नाही, आताही देत नाही. अर्पिताचा फोन आला तर उचलत नाही. तिले खरं सांगितलं तर ती तुमच्यावर रुसन, म्हणून घरच्यांनी सांगितलं का मोबाइल बिघडला. मले त्या इषयातलं काहीच समजत नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलं. पोरगी सांगे, मी ऐको. संध्याकाळ बरी जाय.

पोरगी पास झाली पाहिजे. बाकी काही म्हणणं नाही.

या गरिबावर नजर असू द्या.

बापूजी

•

यवतमाळ,
दि. २ एप्रिल २०२५

ती. आबाजींना अर्पिताचा नमस्कार.

या वेळी पत्राला उशीर झाला. परीक्षा २२ तारखेला आहे आणि माझे मन लागत नाही. बापूजी फोन उचलत नाहीत. तिकडची आजी, मोठी आई, सांगते, की मोबाइल बिघडला. पण तोच मोबाइल वाजतो, मागे बैलांच्या घंटा ऐकू येतात आणि मोठी आई लगेच ठेवून देते. बापूजींना माझा कंटाळा आला असेल का? एकच धडा चारदा ऐकायला लावला, हे माझे चुकले का?

बापूजी भेटेनात म्हणून तुम्हांला फोन करून पाहिला. आबाजी, तुम्हांला आठवत असेल, मी अर्धे वाक्य बोलले की उरलेले तुम्ही पूर्ण करता. मी अडखळले, की तुम्ही उत्तर सांगून मोकळे. वर ‘तो आम्ल’ की ‘ते आम्ल’ यातच आपली पंधरा मिनिटे गेली. फोन ठेवल्यावर लक्षात आले, की धडा तुम्हांलाच जास्त चांगला येतो. पेपर मात्र मला लिहायचा आहे.

वैष्णवीला सांगून पाहिले, पण तिला सगळे आधीच येते. ती ‘काहून’ विचारत नाही. भिंतीशी बोलून पाहिले. भिंतही विचारत नाही. बाबांनी परवा फोनवर विचारले, की नेरच्या कॉलेजचा अर्ज आणून ठेवू का.

तुम्ही मोठे आहात, सगळ्यांची मने तुम्हांला कळतात. बापूजी माझ्यावर का रुसले, ते तुम्ही त्यांना विचाराल का? माझ्याने विचारवत नाही.

तुमच्याशिवाय हे कोणाला सांगणार,
अर्पिता

•

फुलसावंगी,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. अर्पितास आबाजींचे आशीर्वाद.

पत्ता पाहून तू चकित झाली असशील. तुझे पत्र वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. यवतमाळला गाडी बदलली. तुझे वसतिगृह जवळ असूनही आलो नाही. तुला तोंड दाखविण्यापूर्वी मला दुसऱ्या दारी जायचे होते.

बापूजींचा मोबाइल बिघडलेला नव्हता, आणि ते तुझ्यावर रुसलेलेही नव्हते. मी त्यांना पत्र लिहून तुझे फोन घेऊ नका असे सांगितले, आणि मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांचा शब्द मोडू नये या रीतीप्रमाणे त्यांनी तो पाळला. मी सांगितले ते अभ्यासासाठी नव्हते. तुझ्या संध्याकाळी त्यांच्याकडे जातात, हे मला सोसवत नव्हते. एवढेच लिहितो, याहून अधिक मला लिहिता येत नाही.

इथे आल्यावर वाटले होते, की व्याही दोन शब्द सुनावतील. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, अंगणात खाट टाकली आणि विचारले, की पोरगी कशी आहे. मी म्हटले, की तुम्हीच विचारा. मग त्यांनी तुला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. लावण्यापूर्वी मला एकच अट घातली, की मास्तर, तुम्ही बोलसान तर खाट उचलून गोठ्यात नेऊन ठेवीन.

तेव्हा काल संध्याकाळी तू बर्फ पाण्यावर का तरंगतो हे सांगत होतीस, त्या वेळी मी तिथेच होतो. तू हायड्रोजन बंधापाशी अडलीस. उत्तर माझ्या ओठांवर आले होते, आणि तू ‘बंध’च्या जागी ‘बांध’ म्हणालीस तेही मी ऐकले. बापूजींनी माझे मनगट धरून ठेवले आणि तुला म्हणाले, की घाई नाही, मी कुठी चाललो नाही. किती वेळ तू गप्प होतीस! मग स्वतःच म्हणालीस, की बर्फात रेणू बंधांमुळे अंतर राखून बसतात, म्हणून तो हलका. माझ्या साऱ्या नोकरीत मी कोणत्याही विद्यार्थ्याला एवढा वेळ दिल्याचे आठवत नाही. तास संपायचा आणि मी उत्तर फळ्यावर लिहून मोकळा व्हायचो.

फोन संपल्यावर बापूजींनी मला विचारले, की ते अंतर राखून बसतात म्हणजे काय. मी सांगू लागलो, तर ते म्हणाले, की तुम्ही नका सांगू, उद्या पोरगीच सांगन. मला राग आला. अजूनही थोडा आहे.

२२ तारखेपर्यंत रोज फोन कर. मी उद्या नेरला परततो. इथे राहिलो, तर गप्प बसण्याची खात्री देता येत नाही. तुझ्या बाबांना अर्ज आणू नकोस, असे मी सांगतो.

क्षमा मागण्याचा सराव नाही; तरी ती केलीस असे समजून आशीर्वाद देतो.

आबाजी

•

नेर,
दि. १९ जून २०२५

राजमान्य राजश्री बापूजी नरवाडे यांस बबनरावांचा मनःपूर्वक नमस्कार.

काल सायंकाळी आपला फोन आला आणि अर्पिता रसायनशास्त्रात उत्तीर्ण झाल्याचे आपणांकडून समजले. आनंद झाला. तो पुरता होण्याआधीच लक्षात आले, की तिने निकाल प्रथम आपणांस कळविला, आणि आपणांकडून तो माझ्यापर्यंत आला. तिचा फोन मला त्यानंतर आला. बोलता बोलता रडली आणि हसली. मी एकही शब्द दुरुस्त केला नाही, याची साक्ष इंदूबाई देतील. तिच्या बाबांनी पेढे आणले आहेत. आपला वाटा पुढच्या गाडीने पाठवितो.

आता मुद्द्याचे. नवीन वर्षात तिला भौतिकशास्त्राचा मोठा पेपर आहे. त्याचे पुस्तक तिने मला घेऊन दिले होते. ते मी आजवर उघडलेले नाही, आणि उघडणार नाही. वीज तारेतून कशी धावते, चुंबक लोखंडाला का ओढतो, उजेड म्हणजे काय, यांपैकी मला काही म्हणजे काहीच कळत नाही. रसायनशास्त्रात आपण सरस ठरलात, हे मान्य. परंतु भौतिकशास्त्राच्या अज्ञानात मी आपणांहून तसूभरही कमी नाही, हे मी कोणासमोरही सिद्ध करण्यास तयार आहे.

सबब, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या संध्याकाळी तिने फोन मला करावा, अशी विनंती आहे. या वेळी ही वरपक्षाची आज्ञा नाही. आपण हो म्हणालात, तरच.

उत्तराची वाट पाहणारा,
बबनराव