प्रमाण वजन

३ मार्च, मंगळवार

एकशे शहात्तर! तेही उपाशीपोटी. साखर शंभराच्या आत हवी होती म्हणे.

दरवर्षीची तपासणी म्हणून रक्त दिलं आणि हे निघालं. रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला, नाव माझंच. तेहतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. चुकीचा आकडा मला दुरून ओळखू येतो. हा चुकीचाच आहे.

हिला सांगितलं तर म्हणाली, "चहात तीन चमचे घालणाऱ्याने काट्याला दोष देऊ नये." अडीच चमचे. तीन कधीच नव्हते.

४ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मी काहीबाही सांगेन म्हणून ही बरोबर होतीच. बाई म्हणाल्या, एका आकड्यावरून मधुमेह ठरवायचा नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, ती बघू. पण ती करणारं मशीन दुरुस्तीला गेलंय, तेव्हा दोन आठवड्यांनी सगळं एकदम करू. त्यांचंही यंत्र बिघडतं हे ऐकून मला जरा बरं वाटलं. तोवर घरी छोटं मशीन आणायचं, रोज सकाळी बोट टोचायचं, आकडा लिहून ठेवायचा.

"घरात कुणाला होता?"

"वडिलांना."

"सध्या काही औषध, इंजेक्शन?"

"काही नाही."

हे खोटं. गेल्या गुरुवारी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन खांद्यात इंजेक्शन घेतलं. हिला सांगितलंय, गिरणीतला मोठा काटा तपासायला गेलो होतो. वीस किलोची वजनं उचलू नका म्हणून ही सहा महिने कानीकपाळी ओरडतेय. खांदा दुखतो हे कळलं तर दुकानाला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकेल. शेजारी बसलेली असताना काय सांगणार? आणि खांद्याचा साखरेशी संबंध तरी काय?

५ मार्च

मशीन आणलं. काडेपेटीएवढं. एकाच बोटातून ओळीने तीन थेंब — १७१, १६२, १८०. माणूस एक, रक्त एक, आकडे तीन. असला काटा मी दुरुस्त म्हणून गिऱ्हाइकाला परत दिला नसता.

७ मार्च, शनिवार

सकाळी २९१. बसलो तसाच खुर्चीत.

ही आली. आकडा बघितला, मग माझा हात नाकाशी नेला. "केळं कुणी सोललं?"

तिच्यासाठीच सोललं होतं. अगदी खरं. बोटाला लागलेली केळ्याची साखर थेंबात मिसळली म्हणे — मशीनबरोबर आलेल्या कागदात लिहिलंय, हात धुवून पुसून मग टोचावं. तो कागद मी वाचला नव्हता, हिने वाचला. तिने उभं राहून साबणाने हात धुवायला लावले, शाळकरी पोराला लावतात तसे. पुन्हा टोचलं. १६४. ही दिवसभर मधेच हसत होती.

९ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. एकाच बोटाचे तीन आकडे कसे? त्या म्हणाल्या, "घरच्या मशीनमध्ये पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं हो." पंधरा टक्के! भाजीवाल्याच्या काट्यात एवढा फरक निघाला तर लोक त्याला गल्लीत उभा करणार नाहीत.

काटा तपासायची पद्धत सोपी आहे. ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे, ते त्यावर ठेवायचं. ते प्रमाण वजन. आमच्या घरात पक्की ठाऊक असलेली एकच गोष्ट — ही. चहा बिनसाखरेचा, चाल घोड्याची, तापाने आडवी झालेली मी पाहिलेली नाही.

म्हटलं, "अगं, तुझं बोट दे जरा. तुझा आकडा बरोबर आला की मशीन बरोबर."

"तुमच्या मशीनसाठी माझं बोट? मुळीच मिळायचं नाही."

दोन्ही हात पाठीमागे! ग्रंथालयात दिवसभर फाटकी पुस्तकं शिवते, बोटभर लांब सुईने. या एवढ्याशा सुईला घाबरते. चार वेळा मागितलं, चारही वेळा हात पाठीमागे.

११ मार्च

१४३. उतरतेय.

साखरेचा डबा गायब आहे. मी खातो तेच ही खाते, मला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. परिणाम असा की पथ्य माझं आणि वजन हिचं उतरतंय. परवा ग्रंथालयात पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या डब्यात हिची अंगठी बोटातून गळून पडली. सगळी खळ उपसून शोधली म्हणे. ऐटीत सांगत होती. मी म्हटलं, हा उघड उघड काटा मारणं आहे. अंगठी सध्या माझ्या पाकिटात, सोनाराकडे न्यायचीय.

शिवाय रात्रीचा पहारा. दोनदा-तीनदा उठून स्वयंपाकघरात जाते. पाणी प्यायला, म्हणे. मला काय कळत नाही? बिस्किटं मोजायला जाते.

१३ मार्च, शुक्रवार

१२४.

प्रमाण वजनांची पेटी वर्षाच्या तपासणीसाठी सरकारी कचेरीत देऊन आलो. मखमलीत ठेवलेली पितळी वजनं, लहान मोठी चौदा. गिऱ्हाइकांना याचं नवल वाटतं: ज्यांनी काटे तपासायचे त्यांनाच कशाला तपासायचं? पण हाताळून हाताळून पितळ झिजतं. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

ही संध्याकाळी चष्मेवाल्याशी भांडून आली. नवा चष्मा होऊन दोन महिने झाले नाहीत तर पुन्हा अंधुक दिसतंय. चष्मेवाला अडाणी आहे म्हणते. मी म्हटलं, माझ्याकडे फार बघत जाऊ नकोस. रुसली.

१४ मार्च

आज थट्टा नाही.

बाबांचा डावा पाय डोळ्यांसमोरून हलत नाही. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाऊल. पट्टी मी बदलायचो. त्याआधी वर्षभर ते म्हणत होते, काही नाही रे, चप्पल घासली. आम्हीही मानलं. तपासलं असतं वेळेवर तर! मी मशीनला नावं ठेवतो ती याच भीतीने. मला पायांवर उभं राहून मरायचंय. हिच्याशी बोललो नाही. तिला कळलंय असं वाटतं, न सांगता दिवा मालवून हात धरून बसली होती. हात गार लागला.

१६ मार्च, सोमवार

बिंग फुटलं. वरच्या फळीवरचं पातेलं काढताना खांद्याने दगा दिला, तोंडातून ‘आई गं’ निघालं. हिने पाच प्रश्न विचारले, सहाव्याला मी सगळं ओकलो. गुरुवार, हाडांचे डॉक्टर, इंजेक्शन.

तिने सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. बाई पलीकडून म्हणाल्या, "अहो, हे आधी नाही का सांगायचं? त्या इंजेक्शनने साखर कितीतरी दिवस वर जाते!"

म्हणजे मशीन खोटं नव्हतं. मी होतो.

ही म्हणाली, "जन्मभर लोकांच्या काट्यातली लबाडी पकडता, आणि घरात ही?" त्यावर अबोला. फक्त झोपताना एवढं म्हणाली, "बुधवारी रिपोर्ट चांगला येऊ दे. मग घ्या हवं ते बोट."

१८ मार्च, बुधवार

उपाशीपोटी १०४! तीन महिन्यांची सरासरी ५.९. मधुमेह नाही! बाई म्हणाल्या, उंबरठ्यावर आहात, आत पाऊल टाकू नका. साखर कमी, चालणं जास्त, सहा महिन्यांनी पुन्हा या, आणि लपवाछपवी बंद. मी कानाला खडा लावला.

बाहेर येऊन मी रडलो, थोडासाच. हिने स्वतःची पाण्याची बाटली संपवली, मग माझी. "माझा जीव टांगणीला लागला होता," म्हणाली, "घसा कोरडा पडला." अबोला संपला. येताना चालत आलो, मधे दोनदा ही बाकावर बसली. मी घोड्यावरून चिडवलं.

बोट उद्या सकाळी. कबूल केलंय.

१९ मार्च, गुरुवार

हिने डोळे घट्ट मिटून बोट पुढे केलं. ३४२.

"बघा, बिघडलं तुमचं मशीन," म्हणत हसायला लागली. मीही हसलो. केळं सोललंस का, विचारलं. नाही म्हणाली. तरी साबणाने हात धुवायला लावले, दोनदा. ३५०. मग माझं बोट — १०६. मग हिच्या दुसऱ्या हाताचं — ३३८.

पंधरा टक्के धरले, तरी.

ती अजून हसत होती. मी कपडे चढवायला लागलो.

त्याच दिवशी, दुपार

डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर बसलोय. ही आत आहे. बाई म्हणाल्या, बरं झालं आजच आणलंत, आता औषध लगेच सुरू करू.

अंगठी पाकिटात आहे. सारखी काढून बघतोय.

मशीन बरोबर आहे. पेटीतली चौदा वजनं मी दरवर्षी न चुकता तपासून आणतो. हिला एकदाही आणलं नाही.